बावीस बरण्यांचा समुद्र

संग्रहालयाच्या तळमजल्यावर दर सुट्टीत मुलांचं शिबिर भरायचं. ते चालवणाऱ्या ताईंचा मुलांवर भलताच जीव. मुलांचा ताईंवर किती होता ते सांगता येत नाही, पण त्यांच्या खेळांवर मात्र पोरं तुटून पडायची. यंदाचा खेळ ताईंनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता आणि आल्यागेल्याला तो कौतुकानं समजावून सांगताना त्या थकत नव्हत्या.

खेळ असा. प्रत्येकानं चुन्याचा खडू कोरून आपलं आपलं प्रवाळ करायचं आणि ते आपल्या नावाच्या काचेच्या बरणीत, पाण्यात ठेवायचं. "आपण वीज जाळतो, धूर होतो, त्यातला वायू समुद्रात विरघळतो," ताईंनी पहिल्या दिवशी सांगितलं. "पाणी आंबट होतं आणि प्रवाळाचं घर झिजायला लागतं." म्हणून रोज सकाळी प्रत्येक बरणीत व्हिनेगरचे दोन चमचे पडणार. ज्यानं घरी थोडीफार वीज वाचवली त्याला एक चमचा माफ. चार तास पंखा, कूलर, असलं काही बंद ठेवलं तर दोन्ही माफ.

बावीस मुलं, बावीस बरण्या. पोरं पेटलीच. एका बहाद्दरानं टीव्ही बंद ठेवल्याचं छातीठोकपणे सांगितलं, तर त्याची बहीण मागून ओरडली, "आमच्याकडे टीव्हीच नाहीये!" ताईंनी हसत हसत त्याच्या बरणीत दोन चमचे ओतले.

चौथ्या दिवशी बहुतेक प्रवाळं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायला लागली. एकच अखंड राहिलं. ते होतं मुंगीचं. आठ वर्षांची पोर, अंगानं काडी, कामाला वाघ, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. रोज उभी राहून ती हळू आवाजात सांगायची, "पंखा आणि कूलर. दुपारी दोन ते सहा."

"बघा! शिका जरा हिच्याकडून," ताई म्हणायच्या आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायच्या. एवढ्या उकाड्यात चार तास पंखा बंद करून ही पोर घरात बसते कशी, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. कसं येणार? शिबिराच्या खोलीत एसी असा काही सोडलेला असायचा, की ताई खांद्यावर शाल घेऊनच शिकवायच्या.

सातव्या दिवशी मुंगी आली नाही. आठव्या दिवशी, मुलं घरी गेल्यावर, तिचे वडील आले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, नखांत ग्रीस, डोळ्यांत दोन रात्रींचं जागरण. ताईंनी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"माझे वडील अंथरुणाला खिळलेत, ताई. एक बाजू गेलीय, बोलता येत नाही. आम्ही दोघं नवराबायको कामावर, म्हणून दुपारी मुंगी असते त्यांच्याजवळ. परवा मी लवकर घरी गेलो, तर खोलीची नुसती भट्टी झालेली. वडील तापानं फणफणलेत, शुद्ध नाही. आणि ही शेजारी बसून वहीनं त्यांना वारा घालतेय."

ताईंना एका क्षणात सगळं कळलं. "आता कसे आहेत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"काल डोळे उघडले. पुढचं डॉक्टरपण सांगत नाहीत." ते जरा थांबले. "तुमच्यावर ओरडायला नाही आलो मी. ओरडून झालंय, पोरीवरच. ती म्हणते, प्रवाळाचं सांगून, आबांना विचारूनच बंद करायचे मी, ते मान हलवायचे. हलवणारच हो! नातीला कधी नाही म्हणालेत ते?"

हा माणूस तोंडाला येईल ते बोलला असता तर परवडलं असतं, असं ताईंना वाटलं. लाजेनं त्यांना मान वर करवेना.

"दोन दिवस अन्नाला शिवली नाहीये," मुंगीचे वडील म्हणाले. "तुम्हालाच काहीतरी विचारायचंय म्हणते. बाहेर उभी केलीय."

मुंगी आत आली ती सरळ बरण्यांच्या टेबलापाशी गेली. आपल्या बरणीवर हात ठेवून म्हणाली, "ताई, आता आबांचा पंखा चालूच ठेवायचाय. दवाखान्यात आणि नंतर घरीपण. मग माझ्यात रोज दोन चमचे ना?" मग म्हणाली, "आधी माफ केलेले पण आत्ताच घालणार का?"

ताईंनी कोपऱ्यातला मोठा टब ओढला आणि एकेक बरणी त्यात उपडी करायला सुरुवात केली. एकविसावी झाल्यावर त्या मुंगीशेजारी गुडघ्यावर बसल्या.

"मी खेळच चुकीचा केला गं. समुद्र असा बरण्याबरण्यांतून वाटलेला नसतो. तो सगळ्यांचा मिळून एकच. आबांच्या एका पंख्यानं तुझं प्रवाळ मरत नाही, आणि तू एकटीनं तो बंद केलास म्हणून वाचतही नाही. यात तुझी काही चूक नाही, बाळा. माझी आहे."

मुंगीनं आपली बरणी स्वतःच ओतली. तिचं कोरं करकरीत प्रवाळ तळाशी जाऊन बसलं आणि त्याच्या अंगावर बारीक बारीक बुडबुडे धरायला लागले. ती वाकून बघत राहिली. आता हिच्या मनावरचं ओझं उतरेल, या आशेनं ताई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"म्हणजे मी पंखा बंद केला नसता, तरी प्रवाळाचं असंच झालं असतं?"

"हो."

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

माहीत होतं. समुद्राविषयी चार पुस्तकं वाचलेल्या कुणालाही ते माहीत असतं. प्रत्येकाची बरणी वेगळी असली की मुलं जास्त ईर्ष्येनं खेळतात, एवढाच विचार ताईंनी केला होता. खोटं बोलणं सोपं होतं, पण त्यांच्यानं ते झालं नाही.

"हो," ताई म्हणाल्या.

मुंगी रडली नाही, रागावली नाही. तिनं बाबांचा हात धरला आणि त्यांना खाली वाकवलं.

"बाबा, आबांना हे सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना वाटतंय, आम्ही दोघांनी प्रवाळ वाचवलं."