शंभर गुंठ्यांचा एकर

“शिकवायचं, पण त्यांच्या घरात शिरायचं नाही,” असं शीलाताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “आपण फोनवरचे शिक्षक. गणित सुटलं, फोन ठेवला, विषय संपला. मुलांच्या घरच्या भानगडीत पडलात तर तुम्हालाही त्रास आणि आपल्या गटालाही.”

शीलाताई पुण्याच्या. गणितात कच्च्या असलेल्या खेड्यापाड्यातल्या मुलांना फोनवरून फुकट शिकवणाऱ्यांचा गट त्या चालवत. त्या हे सांगत होत्या तेव्हा इकडे पुसदला उज्ज्वला एका हातानं फोन धरून दुसऱ्या हाताच्या करंगळीनं लेकाच्या, बादलच्या, नाकातला फुटाणा काढत होती. “हो ताई, हो ताई,” म्हणाली आणि विसरली. फुटाणा निघाला हेच तेव्हा महत्त्वाचं होतं.

उज्ज्वला गणित घेऊन बीएस्सी झालेली. बादल झाल्यापासून घरीच. तीन वर्षांच्या लेकराच्या नाकातोंडात, कानात काय काय जाऊ शकतं, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं. सासूकडेसुद्धा ती त्याला तासभर सोडत नसे. प्रेम, तिचा नवरा, एसटीत वाहक. तो हसायचा. सासू रामीबाई मात्र हसत नसे.

“फुकट शिकवतं अन् पंखा आपला फिरते,” रामीबाई म्हणायची. “पैसे नाई तं नाई, निदान त्या लोकाइनं उन्हाळ्यात आंबे तरी पाठवावं.”

“याडी, गणित शिकवल्याचे आंबे कोण देते?” उज्ज्वला विचारायची. याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई.

“नाई देत ना? मंग कायले शिकवतं?”

गटाकडून उज्ज्वलाच्या वाट्याला आली ती उर्वशी. उमरखेडच्या बाजूच्या एका तांड्यावरची, दहावीतली. उज्ज्वलाच्या आधी तिला दोघांनी शिकवून पाहिलं होतं. त्यांनी शेरा मारून ठेवला होता, ‘पाया कच्चा, लक्ष नाही, उत्तरं ठोकून देते.’

घरात फोन एकच, तोही बापाचा. खेमसिंग ट्रॅक्टर चालवायचा. सोयाबीन निघून हरभऱ्याची पेरणी आली की त्याच्या रोटाव्हेटरला उसंत नसे आणि त्याच्या फोनलाही. म्हणून उर्वशीच बापाच्या मागे शेताशेतानं फिरायची. शाळा सुटली की ट्रॅक्टरच्या मडगार्डावर बसून, दप्तर मांडीवर, फोन दप्तरावर. इंजिन बंद असेल तेवढाच वर्ग. मध्येच कुणाचा फोन आला की ताई गायब आणि ‘खेमसिंगभाऊ, आमच्या वावरात कधी येता?’ सुरू.

“दोन पॉइंट पस्तीस अधिक एक पॉइंट पंधरा,” उज्ज्वलानं एकदा विचारलं.

“चार पॉइंट दहा,” उर्वशी पटकन म्हणाली.

“लिहून बघ.”

“लिहूनच सांगितलं ताई.”

“बरं. तीन पॉइंट वीसमधून एक पॉइंट तीस गेले?”

“एक पॉइंट तीस.”

उज्ज्वलानं कपाळाला हात लावला. ठोकून देते म्हणतात ते हेच. पण ठोकून देणारं पोरगं थोडं तरी अडखळतं, आवाज खाली येतो, ‘बरोबर आहे का’ म्हणून थांबतं. ही थांबत नव्हती. बादल खोटं बोलताना कसा दिसतो हे ओळखणाऱ्या बाईला एवढं कळत होतं.

“शून्य पॉइंट वीस अधिक शून्य पॉइंट वीस?”

“एक.”

“एक? ते कसं?”

“अर्धा अन् अर्धा एकच होते ना, ताई.” उर्वशीच्या आवाजात जरा कीवच होती.

उज्ज्वला पुढं काही बोलणार तोच पलीकडून खेमसिंगचा आवाज आला. तो कुणाला तरी हिशेब सांगत होता. “हे वावर एक पॉइंट दहा, नाल्याकाठचं एक पॉइंट पस्तीस. झालं ना तीन पॉइंट पाच.”

एक एकर दहा गुंठे, एक एकर पस्तीस गुंठे. चाळीस गुंठे भरले की एकर. तीन एकर पाच गुंठे. बाप चुकला नव्हता आणि लेकही चुकत नव्हती. पाचवीपासून ती बापासोबत वावरं मोजत आली होती. शाळेत दशांश चिन्ह शिकवलं तेव्हा तिला वाटलं, हे तर आपल्याला येतंच की. तेव्हापासून ती प्रत्येक गणितात चाळीसला एक हातचा घेत होती. वह्या लाल व्हायच्या. का, ते तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही.

उज्ज्वला एकटीच हसायला लागली. बादलही हसला, कारण आई हसत होती.

“उर्वशी, ऐक. तू गुंठे करून राह्यली.”

“मंग?”

“पुस्तकात गुंठे नाहीत. तिथं शंभर झाल्याशिवाय पुरा एक होत नाही. शाळेतला एकर शंभर गुंठ्यांचा आहे, असं समज.”

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“शंभर गुंठ्याचा एकर कोणाचा असते ताई?”

“सरकारचा.”

“म्हूनच,” उर्वशी म्हणाली. “म्हूनच मले जमत नव्हतं.”

त्यानंतर गाडी रुळावर आली. एकदम नाही. टक्केवारी आली की गुंठे पुन्हा डोकं वर काढायचे आणि उज्ज्वला म्हणायची, “कोणाच्या वावरात आहेस?” उर्वशी म्हणायची, “चुकले, सरकारच्या वावरात.” दिवाळी झाली तोवर समीकरणंसुद्धा पोरगी हातानं सोडवायला लागली होती.

पण शाळेची घटक चाचणी त्याआधी होऊन गेली होती आणि त्यातले मार्क जिथल्या तिथं होते. दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली आणि एके दिवशी उर्वशीनं फोन उचलला, पण वही उघडली नाही.

“काय झालं?”

“काई नाई. सर म्हणते, सतरा नंबर भर.”

उज्ज्वलाला हे माहीत होतं. शाळा सोडलेल्यांसाठी, कामधंदा करणाऱ्यांसाठी बाहेरून परीक्षेला बसायची सोय असते, तो सतरा नंबरचा फॉर्म. सोय चांगलीच. पण कच्च्या पोरांना शाळेतून अलगद त्या दारानं बाहेर काढलं की त्यांचा निकाल शाळेच्या निकालात धरला जात नाही. उर्वशीच्या शाळेच्या फाटकावर मोठा फलक होता, दहावीचा निकाल शंभर टक्के. तो तसाच राहायला हवा होता.

“बापू काय म्हणते?”

“बापू म्हणते, सर शिकेल माणूस आहे, त्याले आपल्यापेक्षा जास्त समजते. उद्या सही कराले बलावलं.” थोडं थांबून म्हणाली, “बाहेरून बसलं की शाळेत जायचं काम नाई. मंग बापू म्हणते, दिवसभर ट्रॅक्टरवरच ये, माणूस ठेवा लागत नाई. अन् एकदा ट्रॅक्टरवर बसली का मंग कोणती परीक्षा, ताई.”

उज्ज्वलानं शीलाताईंना फोन लावला. शीलाताईंनी सगळं शांतपणे ऐकलं. “वाईट आहे,” त्या म्हणाल्या. “पण हा शाळा आणि पालकांमधला विषय आहे. आपण फार तर समुपदेशनाचा व्हिडिओ पाठवू शकतो.”

“व्हिडिओ कोणाला पाठवू ताई? फोन बापाकडं आहे.”

“उज्ज्वला, मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?”

“आठवते,” उज्ज्वला म्हणाली. “तेव्हा ऐकलं नव्हतं. आता ऐकलं, पण मानत नाही.”

रामीबाईनं दुसऱ्या दिवशी तिला चपला घालताना पाहिलं. काखेत बादल, पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटं, तापाचं औषध, जादा चड्ड्या.

“कोठी चालली?”

“उमरखेडकडं. एका पोरीच्या शाळेत.”

“ते फोनातली पोट्टी?” रामीबाईनं तिच्याकडं खालवर पाहिलं. “तुह्या सोयऱ्याची हाय का कोणाची?”

“नाही.”

“मंग तू कोण म्हणून जातं?”

उज्ज्वलानं दुसऱ्या चपलेत पाय घातला. रामीबाईनं आत जाऊन भाकरीची पुरचुंडी आणली आणि तिच्या पिशवीत कोंबली. “उपाशी पोटानं भांडण होत नाई,” म्हणाली. “अन् त्याले द्यायचं तं दे माह्याजवळ.”

उज्ज्वलानं बादलला दिलं नाही. धीर झाला नाही.

मुख्याध्यापक बबनराव वाईट दिसत नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. समोर खेमसिंग बाकाच्या अगदी टोकाला, पडायला आल्यासारखा बसला होता. उर्वशी त्याच्यामागे उभी. फोनच्या पडद्यावर तिचं तोंड हलायचं, धुरकट दिसायचं. प्रत्यक्षात ती उज्ज्वलापेक्षा उंच निघाली.

“आपण कोण? मुलीची मावशी?”

“मी तिला गणित शिकवते. फोनवरून.”

“असं.” बबनरावांनी चष्मा काढला. “मग तुम्हाला तर माहीतच असेल. चाचणीत वीसपैकी तीन. मॅडम, यात मुलीचंच भलं आहे. ताण नाही, टेन्शन नाही. बाहेरून निवांत बसेल.”

“निवांत? ट्रॅक्टरवर?”

खेमसिंगनं मान खाली घातली.

“सर, तिची चूक एकच होती,” उज्ज्वला म्हणाली. “एका ठिकाणची. ती सापडली, सुटली. तुम्ही आता तिला फळ्यावर उभी करा.”

“फळ्यावर उभं करायला वेळ कुठं आहे? तारीख जवळ आली. आणि समजा नापास झाली, तर जबाबदारी कोण घेणार? तुम्ही?”

“नापास झाली तर नापास होईल. परीक्षेला बसून नापास व्हायचा तिला हक्क आहे. परीक्षेच्या आधीच तिला नापास करायचा तुम्हाला नाही.”

बबनरावांचा चेहरा बदलला. “आवाज खाली ठेवा. ही शाळा आहे.”

“म्हणूनच बोलून राह्यली. कचेरी असती तर अर्ज दिला असता.” बोलता बोलता तिनं बादलच्या गालात बोट घालून खडूचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला, ओला. “फाटकावर शंभर टक्के लिहिलं सर तुम्ही. त्या शंभरात किती पोरं बसवली अन् किती बाहेर काढली, तेही लिहा ना खाली. बारीक अक्षरात लिहा. आम्ही वाकून वाचू.”

बबनराव तिच्याशी बोलायचे थांबले. फॉर्म त्यांनी खेमसिंगपुढं सरकवला, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. “खेमसिंगभाऊ, तुम्ही बाप आहात. निर्णय तुमचा. बाहेरच्या बाईचं ऐकायचं की शाळेचं, ते तुम्हीच बघा.”

खेमसिंगनं पेन धरलं. सही करायची जागा बोटानं शोधली. उज्ज्वलाला वाटलं, संपलं. इथवर आपण बोलू शकतो, याच्यापुढं बापाचा हात आपल्याला धरता येत नाही.

तो हात उर्वशीनं धरला. पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. सावकाश.

“मी बाहेरून नाई बसत, बापू.”

“पोरी, सर म्हणते तं…”

“सराले म्हणू दे. तू दिवसभर वावर मोजतं. एखाद्यानं म्हटलं, भाऊ, हे वावर मोजूच नको, कमी भरते म्हून सोडून दे, तं तू सोडतं का? आधी मोज म्हणतं. मले मोजू दे ना. कमी भरली तं भरली.”

खेमसिंग उठला, टोपी सारखी केली आणि बबनरावांना हात जोडले. “सर, आत्ता सही नाई करत. पोरगी म्हणते, मोजू द्या.”

“बघा बुवा,” बबनराव म्हणाले. “भरतो मग नियमित. माझं काय जाते.” आणि उज्ज्वला दारातून बाहेर पडत असताना शिपायाला ऐकू जाईल असं म्हणाले, “या बाईले पुन्हा फाटकाच्या आत घ्यायचं नाई.”

शाळेनं गटाकडं तक्रार केली. शीलाताईंनी वाईट वाटून घेत, पण नियमानं, उज्ज्वलाचं नाव काढून टाकलं. उर्वशीचंही काढलं. उज्ज्वलानं एवढंच कळवलं, ‘ठीक आहे. नाव तुमचं होतं, पोरगी माझी आहे.’ त्याच संध्याकाळी तिनं स्वतःच्या फोनवरून खेमसिंगला फोन लावला आणि भूमितीचा पहिला धडा काढला. रामीबाईनं पंखा स्वतःहून लावून दिला आणि बादलला घेऊन ओसरीवर गेली. उज्ज्वलानं जाऊ दिलं. मात्र दार उघडंच ठेवलं आणि एक कान बाहेर.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण फॉर्मची तारीख उलटून गेली. उर्वशी शाळेत विचारते, तर ‘भरला, भरला’ म्हणतात. पावती मागितली तर ‘साहेब आले की’ म्हणतात. खेमसिंग एकदा विचारून आला. दुसऱ्यांदा विचारायची त्याला लाज वाटते, शिकलेल्या माणसाला खोटं म्हटल्यासारखं होतं म्हणतो. कदाचित खरंच भरला असेल. उज्ज्वलाचा स्वभावच संशयी, ती पोराच्या मिटलेल्या मुठीवरही विश्वास ठेवत नाही. पण तिला त्या फाटकातून आत सोडत नाहीत.

तुम्हाला सोडतील. म्हणून तिचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. उमरखेडकडं जाणं झालं तर फाटकावर शंभर टक्के लिहिलेल्या त्या शाळेशी जरा उतरा. आत जा आणि विचारा, उर्वशी खेमसिंग आडे, दहावी, हिचा फॉर्म नियमित भरला का? ‘भरला’ म्हणाले तर उठू नका. दाखवा म्हणा. आणि मग तिला शोधा, शाळेत नसली तर कुठल्या तरी वावरात ट्रॅक्टरच्या मडगार्डावर असेल, आणि बरी आहे का, तेवढं बघून या.