दुसऱ्या बाजूची तोडी

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनायच्या. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यांवरून आम्ही दात बसवायचो. मी कामाला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझ्या समोरच्या टेबलावर जे गृहस्थ बसायचे, त्यांना सगळे बुवा म्हणायचे. बुवा गात मात्र नसत. "मी तोंड उघडलं तर साच्यातले दातसुद्धा कडाकडा वाजतील," असं स्वतःच सांगायचे. पण त्यांच्या खणात मेणाच्या वड्यांशेजारी नेहमी दोन-चार कॅसेट असायच्या.

सकाळभर घासकाम चाले. मोटरी सुरू झाल्या की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. दुपारी दोन ते चार मेणात दात लावायचे, ते काम शांततेचं. तेवढे दोन तास मालक टेप लावू देत. अट एकच, डॉक्टरांचा फोन आला की बंद.

पहिल्याच आठवड्यात बुवांनी मला विचारलं, "काय पोरी, सध्या काय ऐकतेस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? येताना कान घरी ठेवून येतेस का?"

त्या दुपारी त्यांनी तोडी लावली. कुणा वयस्कर गवयाची घरगुती मैफल, बुवांच्या मेव्हण्यांनी टेप केलेली. राग सकाळचा आणि वेळ दुपारची, पण बुवा म्हणाले, "मोटरी बंद होतात तीच आपली सकाळ." मला ओ की ठो कळलं नाही. अर्ध्या तासाने मी वैतागून म्हटलं, "एकाच ओळीवर किती वेळ घालवतायत हे!"

"तुला एक दाढ लावायला किती वेळ लागतो?"

"वीस मिनिटं."

"मग? त्यांनी घाई करायची होय?"

तेव्हापासून दर सोमवारी तो प्रश्न ठरलेला. सुरुवातीला, उत्तर द्यायला काहीतरी हवं म्हणून मी ऐकायचे. कुणाकडून कॅसेट माग, रेडिओवर पहाटेचं गाणं लाव, असं करता करता कधी चटक लागली कळलंच नाही. मग मीही बुवांना विचारू लागले. ते रविवारी ऐकलेलं सोमवारी असं सांगायचे की मेण थंड व्हायचं आणि मालक खाकरायचे. कुठे तानपुऱ्याची तार उतरली, कुठे तबलजी चुकून सावरला, कुठे गवई स्वतःवरच खूश होऊन हसला. आमची भांडणंही व्हायची. मी एकदा त्यांच्या लाडक्या केदाराला कंटाळवाणा म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मधला भाग थोडा लांबलाय, कबूल."

अशी तेवीस वर्षं गेली. त्यात माझं लग्न झालं, मुलगी झाली, कॅसेटी जाऊन सीडी आल्या. मग बुवा निवृत्त झाले आणि दुसऱ्या शहरात मुलाकडे राहायला गेले. पुढे लॅबही बंद पडली, पण प्रश्न काही बंद पडला नाही. दर रविवारी सकाळी चहा झाला की बुवांचा फोन यायचा. दोनेक वर्षांपूर्वी ते म्हणाले, "आता फोन नको, मेसेज पाठवत जाऊ. बोललेलं विसरायला होतं, लिहिलेलं राहतं." मला बरंच वाटलं. त्यांचे मेसेज म्हणजे पानभर पत्रंच असायची.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी त्यांनी लिहिलं, "या आठवड्यात आपली जुनी तोडी काढली. दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच कोणीतरी खोकतं, आठवतं का? काल तीनदा ऐकली. आवाज अजून खणखणीत आहे."

मला आठवत होतं. पण आणखी एक गोष्ट आठवत होती. मी बाळंतपणाच्या रजेवर निघाले तेव्हा बुवांनी ती कॅसेट माझ्या हातात ठेवली होती. "बाळाला ऐकव आणि काय म्हणतं ते मला येऊन सांग." परत द्यायची राहून गेली आणि मग लाजेने तो विषयच मी कधी काढला नाही. उठून कपाट उघडलं. कॅसेट तिथेच होती, वेष्टनावर बुवांचं तिरकं अक्षर. तिची दुसरी प्रत निघालेली नव्हती. मेव्हण्यांकडची टेप पुराच्या पाण्यात गेली, हे बुवांनीच मला सांगितलं होतं.

वाटलं, बुवांना भ्रम व्हायला लागला. मी त्यांच्या सुनेला फोन केला.

"भ्रम? छे हो मावशी," ती म्हणाली. "डोकं आमच्यापेक्षा तल्लख आहे. कानांचं म्हणता का?"

"कानांचं काय?"

"तुम्हाला बोलले नाहीत? दोन वर्षं झाली. आधी उजवा गेला, मग डावाही. इतकी वर्षं त्या मोटरींशेजारी बसल्याने झालं असं डॉक्टर म्हणतात. मशीन लावून जोरात बोललेलं थोडं कळतं. पण गाणं लावलं की म्हणतात, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटतं. रेडिओसुद्धा बाबांनी स्वतःच उचलून माळ्यावर टाकलाय."

मला रागच आला. दोन वर्षं मला बनवलं! मग त्यांचे सगळे मेसेज पुन्हा काढून वाचले. एकाही नव्या गाण्याचं नाव नव्हतं. सगळं आम्ही दोघांनी मिळून ऐकलेलं. वाचता वाचता राग कुठे गेला कळलं नाही, अक्षरं मात्र दिसेनाशी झाली.

पुढच्या शनिवारी कॅसेट आणि जुना टेप पिशवीत घालून मी बसने त्यांच्याकडे गेले. बुवा खिडकीपाशी बसले होते, वाळलेले, पण दाढी गुळगुळीत. मी कॅसेट त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी अक्षर ओळखलं आणि मान खाली घातली.

"म्हणजे चोर तू होतीस," ते म्हणाले.

"आणि खोटारडे तुम्ही!" मी मोठ्याने म्हटलं. त्यांना ते कळलं असावं, कारण हसले.

"खोटं नाही गं. ऐकतोच मी. डोळे मिटले की लागतं आपोआप." मग बोटांनी कॅसेट उलटीपालटी करत राहिले. "सांगितलं असतं तर तू विचारायचं थांबली असतीस. आंधळ्याला कोण विचारतं, आज काय पाहिलंस म्हणून?" मग म्हणाले, "पण हल्ली काही जागा पुसट व्हायला लागल्यात. या दुसऱ्या बाजूला खोकल्यानंतर ते वर कसे जातात, तेच आठवेना. तीन दिवस त्याच्याच मागे आहे."

मी टेप लावला. त्यांच्या समोर कागद घेऊन बसले आणि ऐकता ऐकता लिहू लागले. खोकला झाला. आता खालीच घोटाळतायत. एक पायरी चढले. पुन्हा खाली. बुवा कागदावर वाकून वाचत होते, ओठ हलत होते. मी लिहिलं, "आता वर गेले," तसा त्यांनी माझा हात धरला.

"नाही. असे एकदम जाणार नाहीत ते. आधी थांबले असतील. नीट ऐक."

मी टेप मागे घेतला. खरंच, वर जाण्याआधी एवढासा थांबा होता, एका श्वासाचा. तीनशे वेळा ऐकूनही मला तो कधी जाणवला नव्हता. मी कागदावर लिहिलं, "थांबले. श्वास घेतला." बुवांनी डोळे मिटले. "हां. आता लागलं," म्हणाले. आणि त्यांचा चेहरा लॅबमधल्या दुपारसारखा झाला. सून दारात चहा घेऊन उभी होती, ती तशीच मागे फिरली.

संध्याकाळच्या बसने मी परत आले. कॅसेट त्यांच्याकडेच ठेवावी म्हटलं, तर म्हणाले, "मी काय करू? तू ऐक, मी वाचतो."

तेव्हापासून रविवारी लिहायची पाळी माझी. आधी जुनी गाणी एकेक करून लिहिली. एक बाजू ऐकून लिहायला मला पूर्ण सकाळ लागते. मग गेल्या महिन्यात मी त्यांनी कधीच न ऐकलेलं निवडलं. एका तरुण गायकाचा मारवा, मला फार आवडलेला. चार पानं भरून वर्णन पाठवलं. म्हटलं, बघू काय होतं.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "मला नाही पटला हा मुलगा. आवाज छान आहे, पण घाई करतो. दुसऱ्या पानावर बघ, बस्तान बसायच्या आत पळायला लागलाय."

मी चिडले. न ऐकता नावं ठेवतात! तावातावाने मारवा पुन्हा लावला, त्यांची चूक दाखवून द्यायची म्हणून. पंधरा मिनिटं कान लावून ऐकलं आणि मग त्यांना लिहिलं, "थोडी घाई आहे, कबूल."