पावती नसलेली शिलाई

मित्रांनो, आधी तेफोमामाची तक्रार करते, मग माझी ओळख. हा माणूस यायचा, माझ्या पाठीवर बिअरची बाटली ठेवायचा आणि जाताना ती उचलायचाही नाही. लाकडावर ओला डाग राहायचा तो राहायचाच. बाटली टेकवायला याला दुसरी जागा नव्हती का? होती की. अख्खं घर होतं.

मी एक जुनी, पायानं चालवायची शिलाई मशीन आहे. मुक्काम दक्षिण आफ्रिकेतलं मंगाउंग शहर, मागच्या अंगणातली पत्र्याची खोली. थंडीत इथे पत्र्याला आतून हिव चढतं. पुढे चार खोल्यांचं विटांचं घर आहे. त्यात मामा, मामी आणि त्यांचा गोतावळा. मागे माझी मालकीण सेइपाती, म्हणजे मामाची ताई, आणि तिची लेक पुसेलेत्सो.

सेइपातीनं मला एका म्हाताऱ्या शिंप्याकडून घेतलं तेव्हा माझं चाक गंजून बसलं होतं. तिनं रॉकेलनं धुऊन मला बोलतं केलं. पुढे लेक माझ्यावर बसू लागली. चर्चच्या बायकांची लाल पोलकी, पांढऱ्या कॉलरी, शाळेचे गणवेश, लग्नातले निळे छापील झगे. "पुसेलेत्सोचा टाका मेल्याशिवाय उसवत नाही," बायका म्हणायच्या. ते ऐकलं की माझं चाक हलकं फिरायचं.

मग पुसेलेत्सोला स्वतःचं घर हवंसं वाटलं. छोटंसंच, पण खिडकीपाशी मी मावेन एवढं. थोडं बँकेचं कर्ज, थोडी सरकारची मदत. पहिलंच घर घेणाऱ्याला ती मिळते. ती बँकेतून परत आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"काय म्हणाला साहेब?" सेइपातीनं विचारलं.

"आजवर काय काम केलं, म्हणाला. म्हटलं, शिवते. म्हणे, पगाराची पावती दाखवा. पावती नाही, तर काम नाही."

"तो मेला काय शर्ट घालूनच जन्माला आला होता?"

पुसेलेत्सोनं इस्पितळाच्या धुलाईखान्यात नोकरी धरली. तिकडे पावत्या साठत गेल्या, इकडे मी एकटी पडले. माझ्यावर चादर आली. तेल आटलं, पट्टा सैल पडला. दिवसभर शेजारच्या कोंबड्या आणि पत्र्याची करकर, बाकी कुणी नाही. मला राग नव्हता. तिला जे हवं होतं ते मला देता आलं नव्हतं. पण जिच्यापाशी कुणी बसत नाही, तिचा दिवस सरता सरत नाही.

दोन हिवाळे गेले. ती पुन्हा बँकेत गेली.

"पावत्या चालल्या, आई. पण म्हणे, तुमच्या नावावर आधीच घर आहे. पहिलं घर घेणाऱ्यांत तुम्ही बसत नाही."

"कुठलं घर?"

"हे पुढचं."

घर आजीच्या नावावर होतं. ती गेली तेव्हा मामाच म्हणाला होता, ताईला सही येत नाही, माझ्यामागे देणेकरी आहेत, पोरीचं नाव लावा. आमच्याकडे घर सगळ्या घराण्याचं असतं, नाव कुणा एकाचं. त्या नावाकडे कुणी वळून बघत नाही. बँकेनं बघितलं.

मित्रांनो, तुमच्या अंगावरचा कपडा कुणीतरी शिवला आहे. तिच्या कामाला काम म्हणा. आणि घरात जुनी मशीन असेल तर महिन्यातून दोन थेंब तेल घाला, जवळ बसा.

रविवारी मामा हसत हसत आला. "अगं, मग बरंच झालं की! बँकवालेच म्हणतात घर आहे, आता आणखी कशाला?"

"मामा, त्या घरात माझी उशीसुद्धा नाही."

"कागदाचं काय मनावर घेतेस, पोरी?"

सेइपाती उठली. खांद्यावरची घोंगडी तिनं घट्ट ओढली.

"कागद बँकेनं मनावर घेतला, तेफो. आता मीही घेते. माणसाला पहिलं घर एकदाच मिळतं. माझ्या लेकीचं ते तू वापरून टाकलंस. बायकोपोरं राहू देत तुझी, त्यांना मी काढत नाही. पण पुढच्या खोलीतला तुझा पलंग आज हलव, ती खोली आता माझ्या लेकीची. ते घर तिचं आहे, तू तिथला पाहुणा. आणि पाहुण्यानं दार वाजवून आत यावं."