चषकावर कुणाचं नाव

भालकीच्या बसस्टँडमागं शिवम्माची खानावळ आहे. पाटीवर नाव शिवम्माचं, चूल मात्र सुनेची. या सुनेला गिऱ्हाइकं ‘अक्का’ म्हणत आणि सासू ‘मल्ली’ म्हणे. भालकीत ‘मल्ली’ अशी हाक मारली तर दहा जणी वळून बघतील, त्यामुळं हिचं पुरं नाव काय, याची चौकशी कुणी कधी केली नव्हती. जेवणाऱ्याला भाकरी मऊ मिळाली की पुरे.

रोज दुपारी एकच्या सुमाराला शाळेतले दोन खेळाचे मास्तर तिथं जेवायला येत. बालाजी सर मूळचे उदगीरचे, रेवणसिद्धप्पा सर अस्सल भालकीचे. दोघं शाळेत मुलींना बेसबॉल शिकवत आणि इथं येऊन त्यावरूनच भांडत. सुरुवात नेहमी लांबून व्हायची.

“आजवरचा सगळ्यात थोर म्हंजे बेब रूथ,” बालाजी सर भाकरी मोडत म्हणत. “सातशे चौदा होमरन! विषय संपला.”

“मेलेल्याची आरती कामून ओवाळायलाव?” रेवणसिद्धप्पा सर लगेच उसळत. “जित्ता हाय तो ओहतानी बघा की. चेंडू फेकतो बी, मारतो बी.”

“रूथ बी दोन्ही करायचा!”

“एका सालात पन्नासच्या वर होमरन आन पन्नासच्या वर चोरलेले बेस? केलं व्हतं तुमच्या रूथनं?”

आमटीची दुसरी वाटी येईस्तोवर अमेरिका आणि जपान दोन्ही निकालात निघत, आणि मग खरं भांडण सुरू होई.

“ते सगळं ऱ्हाऊ द्या. आमच्या उदगीरच्या अंजूवानी पिचर पुन्हा झाली न्हाई. डाव्या हातानं असा चेंडू फेकायची, की बॅट फिरायच्या आत मागं चेंडू झेललेला असायचा.”

“तुमी भालकीची मल्लेश्वरी बघितली न्हाई म्हणून बोलायलाव. ती बी डावरीच. जिल्ह्याच्या संघात एकच साल खेळली, पण तिनं एका मॅचमधी बारा जणींना हात हलवत परत धाडलं.”

“मंग तिनं आमच्या अंजूची नक्कल केली असंल!”

हे ऐकताना चुलीपुढं अक्काचा डावा हात भाकरी थापत असायचा. दोन्ही मास्तर तो हात वर्षभर बघत होते आणि दोघांनाही काही दिसत नव्हतं. शिकलेल्या माणसांचं असंच असतं.

कारण अंजू तीच होती आणि मल्लेश्वरीही तीच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी उदगीरची अंजू लग्न होऊन भालकीला आली. ताटात तांदूळ पसरले, त्यात नवऱ्यानं अंगठीनं ‘मल्लेश्वरी’ असं लिहिलं, आणि अंजू तिथंच संपली. नाव शिवम्मानं निवडलं होतं, आपल्या मेलेल्या आईचं. त्याच साली जिल्ह्याच्या संघाला पिचर मिळेना, म्हणून नवी सून बीदरकडून खेळली. तेवढं साल पहाटेच्या भाकरी शिवम्मानं स्वतः थापल्या. कौतुकाचा शब्द मात्र एक काढला नाही. पुढं लेकरं झाली, अंग भरलं, डोक्यावर पदर आला आणि चेंडू सुटला.

मास्तरांना सांगावं असं अक्काला पुष्कळदा वाटलं होतं. पण सांगितलं की वाद मिटणार. आणि ‘अंजू’ हे नाव साऱ्या भालकीत एवढ्या एका टेबलावर, दुपारी एक ते दीड, ऐकायला मिळत होतं. माहेरी आई-बाप राहिले नव्हते, भावालाही आता ताई म्हणायची सवय झालेली. म्हणून ती गप्प बसे, आणि बालाजी सरांच्या ताटात न मागता लोण्याचा गोळा टाके.

त्या मंगळवारी मात्र दोघं घुश्शातच आले. शाळेनं मुलींच्या स्पर्धेसाठी बीदरच्या कारागिराकडं बिदरी चषक करायला टाकला होता. काळ्या धातूत चांदीची तार ठोकून एखाद्या जुन्या थोर खेळाडूचं नाव बसवायचं होतं. जागा एकाच नावाची होती, आणि कारागिराला तीनच्या आत फोन करायचा होता.

“भांडून निकाल लागंना,” रेवणसिद्धप्पा सर म्हणाले, “म्हणून दोन चिठ्ठ्या केल्यात. अक्का, तुमचा हात निर्मळ. एक उचला.”

स्टीलच्या पेल्यात दोन चिठ्ठ्या होत्या. अक्कानं पदराला हात पुसला, पेल्यात बोटं घातली आणि ती तशीच उभी राहिली. तिला अंजू हवी होती. तांदळातलं नाव पुसता येतं, चांदीचं पुसत नाही. चिठ्ठीत जे नाव निघेल ते कायमचंच राहील, हे तिला कळत होतं.

“मला न्हाई उचलायची,” ती म्हणाली. “दोन्ही मीच हाय.”

रेवणसिद्धप्पा सर हसले. “अक्का, सकाळधरनं आमीच एकमेकाशी भांडायलोत, त्यात तुमी बी चेष्टा करायलाव?”

अक्का बालाजी सरांकडं वळली. “उदगीरच्या फायनलला चिंचेच्या झाडावर पोरं बसली व्हती. एक पोरगं धपकन खाली पडलं. मी खेळ थांबवून त्याला पाणी पाजलं. रडू नगंस म्हणलं, तर ते म्हणलं, मी रडतच न्हाई, डोळ्यात माती गेली.”

बालाजी सरांच्या हातातला घास हातातच राहिला. “ते मीच व्हतो,” ते हळूच म्हणाले. “हे मी बायकोला सुदीक सांगितलं न्हाई.”

मग दोघांनी एकदमच तिच्या डाव्या हाताकडं पाहिलं. नखांत अजून पीठ अडकलेला तो हात होता. बालाजी सर उठून उभे राहिले, आणि ते उठले म्हणून रेवणसिद्धप्पा सरही उठले.

“मंग आता तुमीच सांगा,” रेवणसिद्धप्पा सर म्हणाले, “कोणतं नाव घालायचं?”

अक्कानं दाराकडं पाहिलं. आत बाजेवर शिवम्मा लसूण सोलत बसली होती. कान तिचे या वयातही तिखट. तिच्या आईचं नाव तिच्यासमोर कसं नाकारायचं? या बाईनं एक सालभर पहाटे उठून भाकरी थापल्या होत्या.

“मल्लेश्वरीच घाला,” अक्का म्हणाली. आवाज मात्र तिला साथ देईना.

“काय नगं!” आतून शिवम्मा कडाडली. हातात लसणाची परडी घेऊन ती दारात आली. “अंजूचं घाला.”

“पण आत्याबाई, ते तुमच्या आईचं—”

“माझ्या आईला चेंडू ठावं व्हता का? आन मल्लीला हाक मारायला मी हाय की, दिवसातनं पन्नास डाव. त्या पोरीला अठ्ठावीस वर्सांत कुणी हाक मारली? नाव मीच काढून घेतलं, तर द्यायला बी मीच पायजे.”

बालाजी सरांनी फोन काढला. अक्का पदर तोंडाला लावून उभी होती, आणि तव्यावरनं धूर येऊ लागला होता.

शिवम्मा चुलीकडं बघून ओरडली, “अगं अंजू, भाकरी करपायलीय!”