अकरा सेकंद

विभागात तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे. घरची माणसं फोनवर बोलता बोलता किती वेळ गप्प होतात, यावर तिची पीएचडी चालली होती. ती स्वतः फोनवर मुलाखती घ्यायची, त्या रेकॉर्ड करायची आणि त्यातली प्रत्येक शांतता सेकंदांत मोजायची. मुलाखत घेणाऱ्याने मध्ये चकार शब्द काढायचा नाही, हा तिच्या मार्गदर्शक सरांचा दंडक. नाव कुणाचंच नाही, नुसता नंबर.

सात नंबर म्हणजे तिची आई. सरांना याचा पत्ता नव्हता. आईला जाऊन महिना झाला होता आणि घड्याळबाईच्या डोळ्यांतून अजून टिपूस निघालं नव्हतं. आज सरांच्या टेबलावर सात नंबरचं रेकॉर्डिंग लागलं.

“ते सगळं राहू दे. तू घरी कधी येतेस गं?” आईने विचारलं. मग नुसती खरखर. मग आई म्हणाली, “बरं, चालू दे तुझं काम.”

“अकरा सेकंद,” घड्याळबाईने सांगितलं.

“झकास!” सर खूश झाले. “सात नंबर एवढा वेळ गप्प का राहिला असेल?”

“सात नंबर नव्हे, सर. गप्प मी होते,” ती म्हणाली आणि तिने आठ नंबरची फाईल उघडली.