अकरा हॉस्पिटलांची यादी

सोमवारी कॅन्टीनमध्ये रविराज सरांनी नव्या आरोग्य योजनेची घोषणा केली, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. रविराज सर म्हणजे आमचे एचआर मॅनेजर. महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या दरवाजांचे पत्रे प्रेस मशीनवर दाबून निघतात. आम्ही पावणेचारशे कामगार, आणि कंपनीचा स्वतःचा दवाखाना, दोन खाटांचा. तो बंद करून सगळ्यांना विम्याचं कार्ड द्यायचं, आईवडिलांसकट, असा बेत होता. एका 'स्वतंत्र सल्लागार संस्थे'ने तसा अहवालच दिला होता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आरोग्य सुधारणा'.

माझी आई परभणीला असते. तिच्या हृदयाची झडप खराब आहे आणि कंपनीच्या जुन्या सोयीत आईवडील बसत नाहीत. मी टाळ्या वाजवणार नाही तर काय करणार?

बाहेर पडताना सुमनताईंनी मला गाठलं. त्या दवाखान्यातल्या नर्स, इथल्याच गावच्या, बावीस वर्षं याच कंपनीत. हातात योजनेचं पुस्तक.

"सयाजी, तू कामगार समितीत हायस. ही अकरा हॉस्पिटलं बघितली का?"

"कार्डावर फुकट उपचार देणारी ना? छापलंय की, ताई."

"छापलंय, व्हय. पण ती हायेत का जाग्यावर?"

मला राग आला. "तुमची नोकरी जाणार म्हणून असं बोलताय तुम्ही."

वाटलं, आता त्या भडकतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "जाईना का. माझी पोरं मार्गी लागली. पण प्रेसखाली कुणाचा हात आला, तर पहिली धा मिनिटं काय कार्ड दाबून धरणार हायेस का जखमेवर?"

"गुरुवारी सुट्टी आहे," मी म्हटलं. "बसा माझ्या गाडीवर. एकेक हॉस्पिटल दाखवतो तुम्हाला."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो ते कासारवाडीपासून. पहिला पत्ता स्टेशनजवळचा. वर गेलो तर दातांचा दवाखाना, एक खुर्ची आणि एक डॉक्टरीणबाई. "इथं ऍडमिट?" त्या हसल्याच. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने कार्डाचा नमुना बघून मान हलवली. त्या विमा कंपनीचं कार्ड गेल्या दिवाळीपासून त्यांनी बंद केलं होतं. तिसरं हॉस्पिटल मात्र चकचकीत. मी सुमनताईंकडे 'बघा' असं बघितलं. त्यांनी विचारलं, "माणूस रक्तानं माखून आला तर लगेच घेता?"

"घेतो ना," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "विमा कंपनीची मंजुरी आली की कार्ड चालेल. चार तास लागतात, कधी सहा. तोवर डिपॉझिट भरावं लागतं."

"आणि न्हाई आली मंजुरी?"

मुलगी दुसऱ्या पेशंटकडे वळली.

दुपारपर्यंत माझा राग कुठल्या कुठे गेला होता. पुढचा पत्ता कधी येतो असं झालं होतं मला! एक बाळंतपणाचं, एक फक्त डोळ्यांचं. चाकणच्या एका पत्त्यावर नुसता पाया खणलेला. महाळुंग्यातलं, कंपनीपासून सगळ्यात जवळचं, तिथं तर... ते पुढे सांगतो. अकरातली चार खरी निघाली.

"बदललेली यादी असंल त्यांच्याकडं," सुमनताई म्हणाल्या. "इचारून तरी घेऊ." म्हणून पिंपरीत विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिसरा मजला. जेवणाची सुट्टी होती, दार बंद. मी जिन्यावर बसलो आणि सहज वर बघितलं. एकाच दारावर दोन पाट्या होत्या. वरची विमा कंपनीची. खालची त्या 'स्वतंत्र सल्लागार संस्थे'ची.

मी उडालोच. "ताई! दवाखाना बंद करा म्हणणारे आणि कार्ड विकणारे एकाच दारातून आत जातात!"

सुमनताईंनी चष्मा लावून दोन्ही पाट्या सावकाश वाचल्या. मग म्हणाल्या, "फोटो काढ. हात हलवू नको."

चौथा फोटो नीट आला.

शुक्रवारी तीन वाजता, दोन शिफ्टच्या मध्ये, कॅन्टीनमध्ये सभा. आज हात वर करून मंजुरी द्यायची होती. विमा कंपनीकडून दिग्विजय नावाचे साहेब आले होते. बोलणं कसं गोड! एक कार्ड, एक फोन, की ऍम्ब्युलन्स दारात. लोक माना डोलावत होते. मी उठलो.

"साहेब, मी या योजनेच्या बाजूचाच माणूस आहे. फक्त महाळुंग्यातल्या हॉस्पिटलला आत्ता फोन लावा. यादीत नंबर आहे. माइकजवळ धरा."

"त्याची काय गरज—"

"लावा की!" मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळेच. "लावा! लावा!"

दिग्विजय साहेबांनी रविराज सरांकडे बघितलं. सरांनीच आपल्या मोबाइलवर नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला. रिंग गेली. मागून ढोलकीवर गाणं वाजत होतं. एक दणदणीत आवाज आला, "बोला भावा, जिम! सकाळची बॅच फुल्ल हाय, संध्याकाळची मिळंल!"

कॅन्टीन फुटलं. ताटं वाजली, बाकं वाजली. त्या गदारोळात मी बाकीची दहा नावं वाचली, कुठं काय दिसलं ते सांगितलं, आणि शेवटी दोन पाट्यांचा फोटो. मोबाइल या हातातून त्या हातात फिरत गेला तसा हशा विरत गेला.

रविराज सरांचे कान लाल झाले होते. "मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. माझा त्यांच्यावर विश्वास बसला, सुमनताईंचा नाही.

दिग्विजय साहेब बॅग आवरत म्हणाले, "सुधारणा नकोच असतील तुम्हाला, तर..."

"पायजेत की," सुमनताई उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत त्या सभेत पहिल्यांदा बोलत होत्या. "ह्या सयाजीच्या आईला इलाज पायजे, आमचा दवाखाना त्यो देऊ शकत न्हाई. मला मान्य हाय. पण एक हात देताना दुसरा काढून घेऊ नका."

मतदान झालं. योजनेच्या बाजूने सव्वीस हात. विरोधात मोजायला गेले आणि मध्येच सोडून दिलं.

दीड महिना कंपनी आणि समितीच्या बैठका चालल्या आणि नवा करार झाला. दवाखाना राहिला, उलट संध्याकाळी डॉक्टर येऊ लागले. आईवडिलांसाठी दुसऱ्या कंपनीचा विमा घेतला, समितीने प्रत्येक हॉस्पिटल पायाखाली घालून. आईची तपासणी परभणीत झाली. ऑपरेशनच्या मंजुरीत दोनदा शंका निघाल्या, तिसऱ्यांदा ती आली. तोवर माझा जीव टांगणीलाच होता, खोटं कशाला सांगू?

करारावर सही झाली त्या दुपारी असेंब्ली विभागातल्या बायकांनी सुमनताईंना खुर्चीसकट उचललं. "अगं सोडा, पडंन मी!" म्हणून त्या ओरडत होत्या आणि डोळे पुसत होत्या. बायकांनी त्यांना तसंच प्रेस शॉपच्या दारापर्यंत नेलं, आणि आतल्या पोरांनी मशीन थांबवून शिट्ट्यांनी शेड डोक्यावर घेतलं.