अस्तरातला पिवळा ठोकळा

सकाळी अकरा वाजता प्रदर्शनाच्या हॉलमध्ये एक काळं वाफेचं इंजिन पहिल्याच वळणावर रुळावरून घसरलं. इजा कुणालाही झाली नाही. मित्रांनो, त्या इंजिनाच्या पोटात मी होतो. मी एक जुना पिवळा ठोकळा आहे, खेळण्यातला, प्लॅस्टिकचा.

साच्यातून निघालो तेव्हा माझ्या कडा कशा करकरीत होत्या! एका शिंप्याच्या घरी, त्याच्या रांगत्या लेकीसाठी मी आलो. तिने माझं घर केलं नाही की बोट केली नाही. ती मला चावली. दिसेल ते कुरतडायची, म्हणून तिचं नावच पडलं खारूताई. पुढे ती शिकायला गेली आणि मी डब्याच्या तळाशी पडून राहिलो.

मग एके दिवशी तिच्या बाबांनी डबा उपडा केला. त्यांना हुबेहूब आगगाडी करायची होती. गोल बॉयलर, धुराडं, चाकांचे दांडे, सगळं मापात. खारूताईचे मामा दारातूनच म्हणाले, "भावजी, ठोकळ्यांचं इंजिन ते! ठोकळेबाजच दिसणार."

"कापडही सपाटच असतं," बाबा म्हणाले. "खांदा गोल बसतो की नाही?"

काळे ठोकळे कमी होते, ते बाहेरच्या बाजूला लागले. आत लाल, हिरवे आणि मी. "अस्तर आहे ते, कोण बघतंय?" असं म्हणत बाबांनी मला अंगठ्याने पुसून बसवलं. त्या दिवसापासून मी इंजिन झालो. घरातल्या ऐसपैस वळणावर आम्ही झोकात फिरायचो, आणि मामाच शिट्टी वाजवायचे.

हॉलमधलं वळण मात्र आखूड निघालं. परीक्षक यायच्या आत गाडीने एक पूर्ण फेरी मारायला हवी होती, नाहीतर ती नुसती मांडून ठेवावी लागणार होती. बाबांनी इंजिन उलटं केलं. शेजारी खारूताई वाकली. ती आता दातांची डॉक्टर आहे.

"बाबा, हा पिवळा बघा. कड फुगलीये, चाकांची चौकट वळताना त्याला अडते." तिने मला काढून उजेडात धरलं आणि तिला हसूच फुटलं. "वरचे दोन, खालचे दोन. दुधाचे! हे माझेच प्रताप."

"तरीच म्हटलं, हिला दातांचं वेड कुठून लागलं!" मामा म्हणाले. "द्या इकडे, ब्लेडने कड तासतो. पुन्हा बसेल."

मला पुन्हा बसायचं होतं. अगदी मनापासून.

"नको," बाबा म्हणाले. "दात जातील."

माझ्या जागी त्यांनी हिरवा ठोकळा बसवला आणि मला सदऱ्याच्या खिशात ठेवलं, खडूशेजारी.

मित्रांनो, ठोकळे तोंडात घालू नका. पण कुणी घातलाच, तर तो ठोकळा फेकू नका.

इथे अंधार आहे. गाडी सुटल्याचा आवाज मघाशीच आला. ती वळणाशी पोहोचली असावी, कारण बाबांनी श्वास रोखून धरला आहे.